पोटातील शल्य

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा पुतण्या पुण्याहून हट्ट्यास आला, तो पान्यांची पेटी बरोबर घेऊनच. आमचे थोरले बंधू कैलासवासी अण्णा ह्यांची राजदूत मोटारसायकल वाड्याच्या मागल्या पडवीत पस्तीस वर्षांहून अधिक काळ उभी होती. तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या गेल्या, पोत्यांची चवड पडली, मांजरीने तिच्या आडोशास दोनदा पिले घातली; परंतु तिला हात म्हणून कोणी लाविला नाही. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणावयाची असा पुतण्याचा संकल्प होता. आम्हीही मोठ्या हौसेने "अवश्य कर" म्हणालो. त्या संकल्पातून आमच्याच एका जुन्या अपराधाचा झाडा निघेल, हे त्या वेळी ध्यानी आले नाही.

ज्या वाचकांनी, विशेषतः ज्या भगिनींनी, हे यंत्र आतून पाहिले नसेल त्यांच्याकरिता थोडे सांगणे जरूर आहे. राजदूत ही फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्याची गाडी. तिची मूळ बांधणी पोलंड देशातील एस. एच. एल. ह्या गाडीवरून घेतलेली. ती निघणे बंद होऊन आता बरीच वर्षे लोटली. परंतु एके काळी दूधवाले, शिक्षक आणि ग्रामसेवक ह्यांचे ते नेहमीचे वाहन होते. तिचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे, एका सिलिंडराचे. बाहेरून एकच दिसणाऱ्या त्या ओतीव धडाच्या आत दोन निरनिराळ्या खोल्या असतात. पुढली खोली पिस्टनच्या खालची, क्रँकची. पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण प्रथम ह्या खोलीत ओढले जाते, पिस्टन खाली येऊ लागला म्हणजे तेथे दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी सिलिंडरात चढते. हा दाब टिकावा म्हणून ती खोली चहूंकडून बंदिस्त असावी लागते. तिला वंगण मिळते ते पेट्रोलातच मिसळलेल्या तेलाचे. मागली खोली गिअरांची. तिचे तेल निराळे; ते बुडाशी साठलेले असते व दंतचक्रे त्यात बुडून फिरतात. पेट्रोलात तेल घातले म्हणजे कर्तव्य संपले अशा समजुतीने पुष्कळ मालक ह्या दुसऱ्या तेलाकडे वर्षानुवर्षे पाहतही नाहीत. आम्हीही त्यांतलेच होतो. पुढल्या खोलीतून मागल्या खोलीत जावयास वाट नाही, एवढी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सारी हकीकत तिच्यावर उभी आहे.

पुतण्याने अंगणात जुने धोतर अंथरले आणि प्रथम गिअरच्या खोलीखालचा बोल्ट काढला. तेल म्हणून जे बाहेर आले ते काकवीसारखे दाट व काळेभोर होते. पुढे दोन दिवस खपून त्याने धड उकलले, आणि दोरीस लोहचुंबक बांधून बुडाचा गाळ चाचपला. लोखंडाचा बारीक कीस चुंबकास मिशांसारखा चिकटून वर आला. मग एकेक वस्तू निघू लागली. दंतचक्राचे दोन तुटके दात निघाले. किकच्या जुन्या स्प्रिंगचा एक वाकडा तुकडा निघाला. एक पातळ वायसर निघाले. पुतण्याने भ्रमणध्वनीवर गाडीच्या भागांचा नकाशा काढून पाहिला, तर त्या जागी तसले वायसर कोठेच नव्हते. ते कोणी व केव्हा टाकले हे आता ईश्वरासच ठाऊक. सर्वांत शेवटी पाऊण इंच लांबीचा एक निमुळता पोलादी काटा निघाला. त्याचे एक टोक मोडलेले, दुसरे बोथट होऊन वाकलेले.

"काका, बाकीच्याचं काहीतरी सांगता येईल. पण हे गाडीचं नाही. काय असावं?"

त्याने तो काटा पुसून आमच्या तळहातावर ठेविला. ज्याने तीस वर्षे शाळेत भूमितीच्या पेट्या हाताळल्या त्यास तो ओळखावयास क्षणही लागला नाही. ते कर्कटकाच्या पायाचे टोक होते. आणि ते कर्कटक आमचे होते.

ही गोष्ट इ. स. १९८९ च्या मे महिन्यातील. त्या वेळी आमचे गाव परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा पुढे १९९९ साली निराळा झाला. गाडीची किक मारली की ती खालीच राही, परत येईना. गावातील मिस्त्री लग्नाकरिता परगावी गेलेले. शाळेस सुटी, अंगात उमेद, आणि छापील पुस्तक वाचून जगातील कोणतेही काम करता येते असा मास्तरकीचा अहंकार. आम्ही बाजूचे झाकण उघडले. किकच्या दांड्यावर पोलादी तारेची एक उघडी कडी बसविलेली असते. मिस्त्रीलोक तिला लॉक म्हणतात. ती फाकवून काढावयास निराळी पक्कड लागते. ती आमच्याजवळ नव्हती. आम्ही कंपासपेटीतील कर्कटक घेतले, त्याचे टोक कडीच्या फटीत घातले व जोर केला. टण् असा आवाज झाला, कडी निघाली, आणि कर्कटकाचा एक पाय टोकावाचून हातात राहिला.

आम्ही अंगण झाडले. माती चाळणीने चाळली. उघड्या यंत्रात बोट घालून चाचपले. बोटास तेलच लागले. तेव्हा तो तुकडा तुळशीच्या वाफ्यात उडाला असावा असे आम्ही ठरविले. येथे 'ठरविले' हाच शब्द खरा आहे, कारण तसे मानावयास काहीच आधार नव्हता. झाकण पुन्हा उघडून आतील सर्व तेल गाळून पाहणे हा मार्ग होता. परंतु त्यास आणखी एक दिवस लागला असता. आम्ही नवी स्प्रिंग घातली व झाकण लाविले. किक परत येऊ लागली. अण्णा घरी आले, किक मारून पाहिली व सर्वांसमक्ष म्हणाले, "अरे, तू तर मिस्त्रीच झालास की!" त्या एका वाक्याने आमचे तोंड बंद झाले. कर्कटक मोडल्याचे आम्ही कोणास सांगितले नाही.

पुढे मिस्त्री गावी परतले. अण्णांनी गाडीचा कार्बन काढण्यास व नव्या रिंगा बसविण्यास ती त्यांच्याकडे दिली. मिस्त्री व अण्णा लहानपणी एका बाकावर बसलेले. हिशेब सवडीने होत असे. कामाचे १४० रुपये द्यावयाचे राहिले. त्यानंतर आठच दिवसांनी, आषाढातल्या पावसात, हळदीच्या पैशांचा हिशेब करून अण्णा वसमतहून येत होते. रस्ता खड्ड्यांचा, त्यात पाणी. अण्णांनी गिअर बदलला तोच खट् आवाज होऊन मागील चाक जागीच अडकले. अण्णांनी क्लच दाबला. चाक सुटले नाही. गाडी घसरली, आणि उजव्या खांद्याचे हाड मोडले. ते पुढे वाकडेच जुळले. त्यानंतर अण्णा अर्घ्य देण्यास उभे राहिले की त्यांचे दोन हात सारखे उचलत नसत. ते दृश्य आम्ही पुढे अनेक वर्षे रोज सकाळी पाहिले.

दोष कोणाचा, ह्याचा निकाल घरात एका घटकेत लागला. यंत्र शेवटी कोणी उघडले होते? मिस्त्रींनी. तेव्हा बिघाड त्यांचाच. मिस्त्री स्वतः वाड्यावर आले. म्हणाले, "अण्णा, माझं काम वरच्या खोलीतलं. अडकलंय खालच्या खोलीत. इथंच तुमच्या समोर खोलून दाखवतो." अण्णा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. आम्ही म्हणालो, "ज्यांच्या हातून बिघडले त्यांच्याच हाती पुन्हा कसे द्यावे?" वाक्य व्याकरणशुद्ध होते. मिस्त्री उठून गेले. १४० रुपये आम्ही दिले नाहीत. शिकलेल्या माणसाचा शब्द खेड्यात वजनदार असतो. पुष्कळांनी आपली वाहने दुरुस्तीस वसमतला नेण्यास आरंभ केला. अण्णा व मिस्त्री ह्यांचे बोलणे तुटले, ते अण्णा जाईपर्यंत तुटलेलेच राहिले.

त्या वेळी आम्हांस कर्कटक आठवले नाही असे लिहिले तर ते असत्य होईल. आठवले होते. ते तुळशीच्या वाफ्यात आहे असे आम्ही मनास पुन्हा सांगितले, इतकेच.

आता मिस्त्रींचे ते एक वाक्य किती बरोबर होते ते पाहा. क्लच हा क्रँक व गिअर ह्यांच्या मधला दुवा आहे. तो दाबला की इंजिनाचा चाकाशी संबंध सुटतो. पिस्टन सिलिंडरात अडकून चाक थांबले असते, तर क्लच दाबताच चाक मोकळे फिरावयास हवे होते. अण्णांनी क्लच दाबला आणि तरी चाक सुटले नाही. ह्याचा अर्थ अडथळा क्लचच्या पलीकडे, गिअरच्या खोलीत होता. मिस्त्रींनी हात घातला होता तो सिलिंडर व पिस्टन ह्यांत. तेथून एखादी वस्तू खाली पडलीच असती, तर ती क्रँकच्या बंदिस्त खोलीत पडली असती; गिअरांपर्यंत जावयास तिला वाटच नाही. पुतण्याने हे सारे फरशीवर खडूने काढून पाच मिनिटांत समजाविले. आम्ही वर्गात मुलांना काकतालीय न्याय शिकविला आहे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही, हे फळ्यावर लिहून दिले आहे. परंतु कावळ्यावर आळ घेतल्याने आपली सुटका होत असेल, तर न्यायशास्त्र कोणास आठवते?

वाचक विचारतील, तो काटा दीड-दोन महिने निमूट कसा बसला? उत्तर सोपे आहे. गिअरच्या खोलीत बुडाशी गाळ असतो. जड वस्तू त्यात रुतून बसते, आणि चक्रांचे दात तिच्यावरून निघून जातात. परंतु खड्ड्यांचे हिसके बसू लागले, आणि त्याच वेळी गिअर बदलताना चक्रे दांड्यावर सरकली, की ती वस्तू तेलाबरोबर वर फेकली जाऊन दोन दातांच्या मध्ये सापडते. मऊ पितळ असते तर चेंगरून गेले असते. कर्कटकाचे टोक कठीण पोलादाचे. ते वाकले, पण चिरडले नाही. मग मोडावयाचे ते दातच मोडले.

हे ऐकताना आम्हांस सुश्रुतसंहितेची आठवण झाली. बाहेरची वस्तू अंगात राहून पीडा देते तिला सुश्रुत शल्य म्हणतो. त्यावरूनच शल्यतंत्र हे नाव पडले. सूत्रस्थानाचा २६ वा अध्याय हरवलेले शल्य शोधण्याचा, व २७ वा ते काढण्याचा. वरून जखम दिसत नाही, रोगी मात्र कण्हत आहे. तेव्हा शल्य कोठे आहे हे जाणावे कसे? त्वचेत असेल तर थिजलेले तूप किंवा चंदनाचा लेप लावून पाहावा. जेथे तूप चटकन वितळेल, लेप चटकन वाळेल, तेथे ते आहे. शिरा, धमन्या, स्नायू ह्यांत दडले असेल तर रोग्यास मोडक्या चाकाच्या गाड्यात बसवून खडबडीत रस्त्याने वेगाने न्यावे. जेथे कळ उठेल तेथे शल्य समजावे. आषाढातल्या त्या खड्ड्यांनी आमच्या गाडीची हीच परीक्षा घेतली, आणि कळ कोठे उठली हे स्पष्ट दाखविले. वाचावयास आम्ही तयार नव्हतो. शल्य काढण्याचे पंधरा उपाय पुढल्या अध्यायात आहेत. त्यांत धुणे आहे, चोखणे आहे, आणि अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, हाही आहे. पुतण्याने दोरीस बांधून सोडला तो हाच.

यंत्राच्या पोटी शल्य राहिले तर दात मोडतात. माणसाच्या पोटी राहिले तर काय होते ह्याचे उदाहरण आमच्याच मराठवाड्यात घडलेले आहे. इ. स. १९६३ च्या जुलैत औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर पोट दुखू लागले, ताप चढला. दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडले तेव्हा आत रक्त टिपण्याचा टॉवेल निघाला. त्याच महिन्यात ती बाई वारली. तिच्या पतीने व मुलांनी दावा लाविला. तो चालत चालत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९६ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी, निकाल लागला. पोटात टॉवेल राहणे हीच निष्काळजीपणाची साक्ष आहे, आणि नेमका कोणत्या डॉक्टराचा दोष हे दाखविता आले नाही तरी शासन जबाबदार आहे, असे न्यायालयाने ठरविले. ज्या घरातील आई गेली त्या मुलांना हे ऐकावयास आपले सारे बालपण व तारुण्य घालवावे लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेकरिता एक याद्या-पत्रक जगापुढे ठेविले. रोगी शस्त्रक्रियेच्या खोलीतून हलण्यापूर्वी उपकरणे, बोळे व सुया ह्यांची मोजणी पुरी झाली असे परिचारिकेने तोंडाने सांगावे, हे त्यातील एक कलम आहे. मनातल्या मनात मोजून भागत नाही; सर्वांस ऐकू जाईल असे सांगावयाचे. आम्ही त्या मे महिन्यात कर्कटकाचे तुकडे मोजले होते. हिशेबात एक कमी आहे हेही आम्हांस कळले होते. मोठ्याने सांगितले नाही, एवढाच आमचा अपराध. आणि तो लहान नाही.

काटा निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तो कागदात गुंडाळून मिस्त्रींकडे गेलो. ते आता दुकानात बसतात, काम मुलगा पाहतो. आम्हांस पाहून ते उठू लागले; आम्ही त्यांस बसविले व काटा पुढे ठेविला. सर्व हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा लाविला, काटा उजेडात धरिला, अंगठ्याने फिरवून पाहिला.

"कुठल्या गिअरचे दात गेले?" त्यांनी विचारले.

आम्ही सांगितले.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, गुरुजी. खोलू द्या म्हणालो होतो."

"होय. आम्हीच खोलू दिले नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अण्णांना ठाऊक होतं का?"

"नाही. त्यांना आम्ही सांगितलेच नाही."

त्यांनी काटा खाली ठेविला. आत हाक मारून मुलास बोलाविले. हात पुसत तो बाहेर आला. मिस्त्री आम्हांस म्हणाले, "आता पुन्हा सांगा. ह्याला सांगा." आम्ही पुन्हा पहिल्यापासून सर्व सांगितले. दुकानात आणखी तीन-चार माणसे होती. तीही ऐकत होती. आम्ही पाकिटातून बरेच पैसे काढले. मिस्त्रींनी त्यांतून १४० रुपये मोजून घेतले व बाकीचे परत दिले. क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही ते त्यांच्या तोंडून वदवून घेण्याचा यत्न केला नाही. निघताना एवढेच म्हणाले, "गाडी इकडं पाठवा. पोरगा बसवून देईल."

आळ आम्ही चारचौघांत घेतला होता. तो आमच्या वाड्यापुरता राहिला नव्हता. म्हणून कबुलीही चारचौघांत व्हावी, ह्या हेतूने हे येथे लिहिले आहे. आमच्या गावात ह्या मासिकाचे जे वाचक आहेत, त्यांनी हे ज्यास वाचता येत नाही त्यास वाचून दाखवावे अशी विनंती आहे.

एकत्र कुटुंबात यंत्रे बहुतांची व हात अनेकांचे असतात. शिवणयंत्र असो, पाण्याचा पंप असो, मिक्सर असो, कोणी ना कोणी ते उघडतोच, आणि उघडावेही. त्याशिवाय शिक्षण होत नाही. मात्र खाली पांढरे वस्त्र अंथरावे. काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने ताटात मांडावा. ज्या कामाचे हत्यार आपणाजवळ नाही ते काम त्या दिवशी थांबवावे. हत्यार मोडलेच तर त्याचे तुकडे जुळवून पाहावेत. एकही कमी भरला तर झाकण लावू नये, आणि लाविलेच असेल तर त्याच दिवशी घरात सांगावे. वडीलधाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. धाकट्याने मोडल्याचे सांगितले तर प्रथम तुकडा शोधावा. रागावणे मागाहून करता येते. त्या दिवशी अण्णा रागावले असते की नाही, आम्हांस सांगता येत नाही. त्यांनी आमची वाहवा केली, आणि ती आम्हांस गमवावयाची नव्हती.

सुश्रुताच्या त्या पंधरा उपायांत शेवटचा उपाय हर्ष आहे. हृदयात शोकाचे शल्य रुतले असेल तर ते हर्षाने काढावे, असे तो सांगतो. गाडीस नवे दंतचक्र अजून मिळालेले नाही. पुतण्या पुण्यातील जुन्या बाजारात शोधीत आहे. ती सुरू होऊन वाड्यासमोरून जाईल त्या दिवशी मिस्त्रींनी पहिली किक मारावी अशी आमची इच्छा आहे. ते येतील की नाही हे आम्हांस ठाऊक नाही. काटा आम्ही कंपासपेटीत, त्या मोडक्या कर्कटकाशेजारी, ठेविला आहे. तुकडे जुळवून पाहिले. आता हिशेब बरोबर भरतो.